पट्टा अप्पांच्या छातीवर होता

इथले अनुभव मी दोन-तीन वर्षं गुपचूप वाचतेय. खरं सांगायचं तर बरेचसे हसायला वाचते… राग मानू नका, स्वभावच तसा आहे. आमच्या दाराला लिंबू-मिरची बांधायला आलेल्या माणसाच्या हातातलं लिंबू काढून घेऊन मी त्याचंच सरबत त्याला पाजलं होतं, इतकी मी या बाबतीत वाया गेलेली आहे. नवरा म्हणतो, तुझ्यासमोर भूत आलं तरी तू त्याला आधी आडवं करून ईसीजी काढशील. काढेनच! सव्वीस वर्षं मी कोल्हापुरात ईसीजी टेक्निशियन म्हणून नोकरी केली. कागदावर उमटतं ते खरं आणि बाकीच्या नुसत्या गप्पा, याच समजुतीत माझी ती सगळी वर्षं गेली.

आणि मला जो अनुभव आला तो नेमका कागदावर उमटला. पंचाईत झाली ती तिथंच.

गोष्ट दोन हजार दोन-तीनच्या सुमाराची. मोबाईल तेव्हा डॉक्टरांच्या आणि साखर कारखान्याच्या संचालकांच्या खिशात दिसायचा. पण लँडलाईन मात्र गावोगाव पोचली होती. मी राजारामपुरीतल्या एका हृदयरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात होते. त्यांना आम्ही सगळे सर म्हणायचो. सरांचं एकच दुखणं होतं — नेसरी, आजरा, गारगोटीकडचे पेशंट कोल्हापूरला पोचेपर्यंत फार उशीर झालेला असायचा. यात मला कुणी वेगळं समजावून सांगायची गरज नव्हती. माझी स्वतःची आई गारगोटीहून आणताना जीपमध्ये, माझ्या मांडीवर गेली होती.

सरांची ही रड उद्यमनगरातल्या महावीरअण्णांनी ऐकली. अण्णांचं तिथं छोटं वर्कशॉप होतं. कॉर्डलेस फोन दुरुस्त करायचे, पण खरं वेड वायरलेसचं. रेडिओ उघडून बसलेला हा माणूस जेवायलाही विसरायचा. अण्णांनी सहा-आठ महिने डोकं घालून एक वस्तू बनवली. छातीला बांधायचा पट्टा, त्याच्या आतल्या बाजूला धातूच्या तीन चकत्या. त्या थेट कातडीला टेकल्या पाहिजेत, मधे कापड आलं की संपलं. पट्ट्यावर काडेपेटीएवढी डबी. ती हृदयाचे ठोके बिनतारी पाठवायची, आणि फोनशेजारी ठेवलेला डबा ते पकडायचा. पट्टा आणि डबा यांच्यात पंचवीस-तीस फुटांपेक्षा जास्त अंतर चालत नसे. डबा त्या ठोक्यांची शीळ करायचा आणि ती फोनमधून कोल्हापूरला, माझ्या टेबलावर. इथं मी रिसीव्हर एका खाचेत उपडा ठेवला की त्या शिळेची परत कागदावर रेघ व्हायची.

पट्टा आधी खाटेच्या नवारीचा केला होता. तो पेशंटांना खाजायचा. शेवटी अण्णांनी चपलेच्या कारागिराकडून मऊ चामड्याचा शिवून घेतला, बक्कलसुद्धा चपलेचंच. घातला की पेशंटच्या अंगाला नव्या चपलेचा वास यायचा. आम्ही खूप हसलो होतो तेव्हा.

असे पाच संच झाले. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी अकरा वाजता घरच्यांनी बटण दाबून रेघ पाठवायची. शिवाय ठोके मिनिटाला चाळीसच्या खाली गेले, तर डबा आपणहून आमचा नंबर फिरवायचा. कुठला डबा बोलतोय ते कळावं म्हणून सुरुवातीला प्रत्येकाचे वेगळे ‘टूं’ ठेवले होते. नेसरीच्या डब्याचे तीन.

नेसरीचा संच अप्पांकडे होता. अप्पा म्हणजे मिरचीचे जुने व्यापारी, लिंगायत, घरात अर्धं मराठी अर्धं कन्नड. बाजारात हाक मारली तर गावच्या त्या टोकाला ऐकू जायची, असा त्यांचा आवाज होता म्हणे. मी काही तो ऐकला नाही. वर्षभरापूर्वी त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि उजवी बाजू आणि वाचा, दोन्ही गेल्या. डावा हात तेवढा चालायचा. घरात दोघंच, अप्पा आणि त्यांची बायको. एकुलती लेक आजऱ्याला दिलेली. सर महिन्यातून एकदा गडहिंग्लजला जायचे, तिथं ते अप्पांना तपासत. आमच्याकडे त्यांचा केसपेपर नव्हता.

पहिल्या मंगळवारी बरोबर अकराला नेसरीचा फोन आला. मी रजिस्टर उघडलं.

"पेशंटचं नाव सांगा."

"आमचं मालक."

"अहो मालक सगळ्यांचेच असतात. नाव काय?"

"बाई, त्यास्नी नावानं कसं म्हणायचं? लग्नात एकदा घेतलंय, तेवढं बास झालं."

"मग मी रजिस्टरला लिहू काय?"

पलीकडं जरा विचार झाला असावा. मग म्हणाल्या, "माझं लिव्हा की. नागव्वा. आमचं दोघांचं काय येगळं हाय व्हय?"

मागे तीन फोन वाजत होते. मी ‘नागव्वा, नेसरी’ असं लिहिलं आणि पुढे गेले. सर गडहिंग्लजहून कागद आणतील तेव्हा बदलू म्हटलं. ते काही झालं नाही. सात-आठ महिने अप्पांच्या हृदयाची प्रत्येक रेघ बायकोच्या नावावर फाईल होत राहिली. सरांना कळलं तेव्हा ते पोटभर हसले आणि म्हणाले, असू दे.

त्या सात-आठ महिन्यांत माझी आणि त्या बाईंची फोनवरच मैत्री जमली. मी त्यांना अव्वा म्हणायला लागले. रेघ पाठवून झाली तरी त्या फोन ठेवायच्या नाहीत. आज भाकरी अर्धीच खाल्ली, आज दाढी करून घेताना हसले, आज सकाळपासून माझ्यावर रागावल्यात… नवरा बोलत नाही हे मला ठाऊक होतं, पण अव्वांचं ऐकून वाटायचं की त्या घरात नुसता कलकलाट चाललाय. मी विचारायची, "आणि तुमची तब्येत?"

"मला काय धाड भरलीया?"

हे उत्तर ठरलेलं. एकदाच कधी तरी म्हणाल्या होत्या, "मघाशी जरा गरगरल्यागत झालं. चा घेतला, गेलं." मीही म्हटलं, ऊन फार आहे, जपा. आणि फोन ठेवला. या गोष्टीची बोच मला अजून आहे. ज्या बाईचा आठवड्यातून दोनदा फोन यायचा, तिच्या नवऱ्याचे ठोके मी मोजत होते आणि तिचे मोजावेत हे मला सुचलंसुद्धा नाही.

आता अप्पांच्या रेघेबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. तुमच्या-माझ्या ईसीजीत प्रत्येक उंच टोकाच्या आधी एक छोटासा उंचवटा असतो. आम्ही त्याला ‘पी’ म्हणतो. हृदयाचा वरचा कप्पा आधी आकसतो, त्याची ती खूण. अप्पांचा वरचा कप्पा कित्येक वर्षांपासून नुसता थरथरत होता. त्यामुळे त्यांच्या रेघेत पी नव्हतेच आणि ठोके कसेही पडायचे — दोन सावकाश, तीन घाईघाईने, मग एक दांडी. मी कागद न बघता नुसती शीळ ऐकून सांगायची, हे अप्पा म्हणून. अशा हृदयात पी परत येतच नाहीत असं नाही, पण अप्पांच्या वयाला, इतक्या वर्षांनी, आपोआप, दहा मिनिटांसाठी… असो. मी पुढं पळतेय.

तो गुरुवार होता. दुपारचे साडेतीन होऊन गेलेले. सर मुंबईला गेले होते. महिन्याभरापूर्वीच लागलेल्या एक तरुण डॉक्टर तेवढ्या दवाखान्यात होत्या, त्यांना मॅडम म्हणते. फोन वाजला. उचलला तर तीन टूं.

नेसरी. गुरुवारी. म्हणजे डब्याने स्वतःहून नंबर फिरवला होता, म्हणजेच ठोके चाळीसच्या खाली.

मी रिसीव्हर खाचेत ठेवला. शीळ सुरू झाली. इतकी सावकाश शीळ मी कधी ऐकली नव्हती. एक ठोका… मग इतका वेळ काहीच नाही, की वाटावं संपलं… मग दुसरा. कागद सरकत होता. मी सवयीनं वर नाव लिहिलं, वेळ टाकली, तीन चाळीस, आणि पट्टी फाडून मॅडमकडं पळाले.

मॅडमनी एक नजर टाकली. "कम्प्लीट ब्लॉक आहे. मिनिटाला अठ्ठावीस. पेशंट कुठं आहे?" (कम्प्लीट ब्लॉक म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्याचा इशारा खालच्यापर्यंत पोचतच नाही.)

"नेसरीला. घरी."

"फोन लावा!"

लावला. रिंग वाजत राहिली. अप्पा उठू शकत नव्हते, हे मला माहीत होतं. पण अव्वा का उचलत नाहीत? प्रत्येक संचाबरोबर आम्ही शेजाऱ्याचा नंबर लिहून घ्यायचो, इथं तो गिरणीवाल्यांचा होता. तो लावला. मागं गिरणीची घरघर, त्यात ते ओरडून म्हणाले, "मॅडम, जरा थांबा, मिरचीचं दळण चाललंया!"

मी काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. आमच्या वेटिंगमधले पेशंट उठून उभे राहिले. गिरणीवाले रिसीव्हर तसाच टाकून पळाले असणार, कारण घरघर बंद झाली आणि मग नुसती शांतता. मी पट्टीकडे बघत उभी होते. आई आठवत होती, दुसरं काही नाही.

पाचेक मिनिटांनी ते धापा टाकत परत आले. "मॅडम, अप्पा झ्याक हायत की! पलंगावर टेकून बसल्यात. पट्टा बी हाय छातीला, त्या डब्याचा लाल दिवा लागलाय. मी नाडी बी बघितली, चालू हाय चांगली."

मी खुर्चीत बसले आणि हसायला लागले. मशीन बिघडलं होतं, दुसरं काय! अण्णांना आता चांगलं झापते असं मनात ठरवत मी रिसीव्हर ठेवणार, एवढ्यात मॅडम म्हणाल्या, "कशी आहे ती?"

"बरे आहेत. अप्पा बसलेत पलंगावर."

"अप्पा कोण?"

"अहो, पेशंट."

मॅडमनी पट्टी माझ्यासमोर धरली. "पेशंटचं नाव इथं नागव्वा लिहिलंय. तुम्हीच लिहिलंय."

मी त्यांना तो रजिस्टरचा किस्सा सांगायला लागले. त्या नवीन होत्या, त्यांना त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यांनी मला पुरतं बोलूच दिलं नाही. "ते मला नंतर सांगा. ही रेघ ज्या बाईची आहे ती बाई कुठं आहे, विचारा आधी."

बाईची नाहीये हो, असं म्हणायला मी तोंड उघडलं होतं. पण तेवढ्यात माझी नजर रेघेवर नीट पडली. पहिल्यांदाच. इतका वेळ मी फक्त अंतरं बघितली होती. त्या उंच टोकांच्या मधे छोटे उंचवटे होते. ठसठशीत, एकसारख्या अंतरावर, आपल्याच चालीनं चाललेले. पी. अप्पांना पी नव्हते.

मी फोनमध्ये म्हटलं, "अव्वा कुठायत?"

"म्हातारी?" गिरणीवाले थबकले. "व्हय की… म्हातारी न्हाई दिसली. मागलं दार उघडं हुतं. अप्पा बी एकसारखं तिकडंच बघत हुतं."

"जा! मागं जाऊन बघा!"

परसात, धुण्याच्या दगडापाशी, अव्वा कोसळलेल्या होत्या. ओठ निळे, नाडी लागता लागत नव्हती. पुढचं सगळं मॅडमनी केलं. पाय उंचावर ठेवा, रस्त्यावरची वडापची प्रवासी जीप थांबवा, गडहिंग्लजच्या डॉक्टरांना त्यांनी स्वतः फोन करून इंजेक्शन तयार ठेवायला लावलं. तिथं काढलेल्या ईसीजीत कम्प्लीट ब्लॉक, मिनिटाला अठ्ठावीस. संध्याकाळी अँब्युलन्समधून कोल्हापूर, दुसऱ्या दिवशी सकाळी पेसमेकर. गडहिंग्लजचे डॉक्टर म्हणाले, अजून पाव तास गेला असता तर आमच्याकडे आणून काही उपयोग झाला नसता.

सर परत आले तेव्हा मी दोन्ही कागद त्यांच्यापुढे ठेवले. आमच्याकडे आलेली पट्टी आणि गडहिंग्लजला अव्वांचा प्रत्यक्ष काढलेला ईसीजी. एक्सरे बघायच्या दिव्यावर सरांनी एकावर एक धरले. अव्वांच्या उंच टोकाला उतरणीवर एक बारीक खाच आहे, जन्मजात असेल. दोन्हीकडे तीच खाच, त्याच जागी. सरांनी भिंग घेऊन ती खाच दोनदा बघितली. मग विचारलं, "पट्टा बाईंनी घातला होता का?"

नव्हता. गिरणीवाल्यांनी तो अप्पांच्या छातीवर, सदऱ्याच्या आत, बक्कल लावलेला बघितला होता. अव्वांना शुद्धीवर आल्यावर विचारलं तर त्या भडकल्याच — "मी कशाला तसलं घालतो? धुणं घेऊन गेलो, चार कापडं खंगाळली, म्होरं काय ठावं न्हाई." अप्पा पलंगावरून हलू शकत नव्हते. पलंगापासून धुण्याच्या दगडापर्यंत अण्णांनी नंतर टेप लावून मोजलं, सत्तर फुटांच्या वर आणि मधे दोन भिंती. आणि अंतर सोडा हो, चकत्या कातडीला टेकल्याशिवाय पट्ट्यात काही शिरतच नाही! दुसऱ्या कुठल्या संचाची भेसळ म्हणावी तर बाकीचे चारही मी तपासले. त्यांत असा पेशंटच नव्हता.

अव्वा आठ दिवस आमच्याकडे होत्या. लेक आजऱ्याहून येऊन नेसरीत वडिलांजवळ राहिली. ती रोज अकराला बटण दाबायची. मी अप्पांची रेघ फाडून वर वॉर्डात अव्वांना नेऊन दाखवायची. तीच जुनी वेडीवाकडी, पी नसलेली. अव्वा त्या कागदावरून बोट फिरवायच्या. "ही मोठी उडी कशापायी?" "ही दांडी मारली बघा, हितं रुसलं असतील." त्यांना ईसीजीतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण त्या वाचायच्या मात्र. रोजचे कागद उशीखाली ठेवायच्या. सिस्टर चादर बदलताना वैतागायची.

शेवटी मीच त्यांना सगळं सांगितलं. पट्टा त्यांच्या छातीवर आणि रेघ तुमची आली, कसं काय, आम्हाला कुणालाच कळत नाहीये अव्वा. मला वाटलं, त्या घाबरतील. देवाचं नाव घेतील. त्यांनी माझ्याकडं बघितलं, जरा कीव आल्यासारखंच.

"त्यात काय नवल हाय? त्यांच्या पोटात दुखाय लागलं की त्यांच्या आधी मला कळतंय. चाळीस वरसं झाली, कुणी आलं व्हय बघाय, कसं कळतंय म्हणून? एकदा त्यास्नी माझं कळलं, तर तुमी सगळी बघाय लागला."

मी त्यांचं पांघरूण नीट केलं आणि जिन्यात येऊन रडले. आई गेल्यानंतर पहिल्यांदा अशी रडले, हेही सांगून टाकते.

सरांनी पुढं या पाच संचांवर एका परिषदेत पेपर वाचला. ही पट्टी त्यात नव्हती. मला तेव्हा राग आला होता. आता येत नाही… त्यांनी तरी काय लिहायचं होतं? मी विचारलं तर म्हणाले, "माझ्याकडे या रेघेचं निदान आहे. ती आली कुठून याचं नाही." अण्णांनी डबा चार वेळा उघडला, चार वेळा बंद केला. त्यांचं जेवण तुटलं. शेवटी म्हणाले, चला, जाग्यावर जाऊन बघू.

अव्वा घरी गेल्यावर तीन आठवड्यांनी आम्ही दोघं एसटीनं नेसरीला गेलो. अप्पांना मी पहिल्यांदा पाहिलं. उंचेपुरे, पांढऱ्या भरघोस मिशा, कपाळाला भस्म. नमस्कार केला तर डावा हात वर केला. अण्णांनी अव्वांना परसात दगडापाशी उभं केलं, पट्टा अप्पांना, डबा सुरू, आणि डब्याला कोल्हापूरहून बरोबर आणलेलं रेघ काढायचं यंत्र जोडलेलं. रेघ अप्पांची. अव्वांना गोठ्यात, स्वयंपाकघरात, पार पलंगाच्या कडेला, अगदी अप्पांना टेकून बसवलं. रेघ अप्पांचीच. चार वेळा, पाच वेळा. त्या दिवसानंतर त्या डब्यातून दुसऱ्या कुणाचा ठोका कधीच आला नाही.

अण्णा घाम पुसत मला म्हणाले, "तूच विचार त्यांना."

मी पलंगाजवळ बसले. "अप्पा, त्या दिवशी नक्की काय झालं होतं?"

अप्पांनी माझ्याकडं बघितलं, मग दारात उभ्या असलेल्या अव्वांकडं. मग डाव्या हातानं सदऱ्याची बटणं काढली, बक्कल सोडलं — किती वेळ लागला त्या एका हाताला! — आणि पट्टा ओढून काढून अव्वांच्या पुढे धरला.

"घाला मुकाट्यानं," अव्वा म्हणाल्या. "मला आत बसीवल्यात न्हवं मशीन? ह्यो तुमचा हाय."

त्यांनी पट्टा परत अप्पांना बांधला. अप्पांनी परत सोडला. परत पुढं केला. अव्वा चिडल्या, "पावण्यांसमोर काय ह्यो खेळ लावलाय? माझं काय हुतंय? मी बरी हाय म्हणतो न्हवं?" अप्पा मान हलवत राहिले. तोंडातून आवाज येत नव्हता, ओठ मात्र हलत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. हात तसाच पुढे, पट्टा लोंबकळतोय.

मग अव्वा बोलायच्या थांबल्या. पलंगाच्या कडेला येऊन बसल्या, त्यांच्याकडं पाठ करून. अप्पांनी एका हातानं पट्टा त्यांच्याभोवती घातला, लुगड्यावरूनच. बक्कल त्यांना लावता येईना. अव्वांनी एक टोक धरलं, अप्पांनी दुसरं ओढलं.

मी यंत्रातल्या कागदाकडं बघितलं. सपाट रेघ. मधे दोन पदर कापड, काय उमटणार होतं? अण्णा सांगायला पुढे झाले, ‘अप्पा, असं नाही चालत, आतून…’ मी त्यांचा हात धरून त्यांना मागं ओढलं.

अप्पा कागदाकडं बघतच नव्हते.

"चाललंय न्हवं?" अव्वांनी मागं न वळता विचारलं. "झालं समाधान?"

अप्पांनी मान हलवली. पट्ट्याचं टोक काही सोडलं नाही. आम्ही चहा घेतला, एसटीची वेळ झाली, उठलो, तरी त्यांच्या मुठीत ते तसंच होतं.

ती तीन चाळीसची पट्टी मी नोकरी सोडताना सरांकडून मागून घेतली. कागद पिवळा पडलाय, रेघ फिकी झालीय, पण भिंगातून पी अजून मोजता येतात. इथं कुणी डॉक्टर, इंजिनियर असतील तर जरूर लिहा. मी वाद घालणार, आधीच सांगून ठेवते, कारण जे जे सुचेल ते आम्ही तिघांनी तपासून बघितलंय. मला आजपर्यंत याचं उत्तर मिळालेलं नाही. अव्वांना मात्र प्रश्नच पडला नव्हता.